व्हेट व्हायचंय, मग कॉलेज कोणतं निवडावं? अमेरिकेतल्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी लेक सध्या व्हेट स्कूलच्या, म्हणजे पशुवैद्यक महाविद्यालयाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील, सातारा जिल्ह्यात पशुधन विकास अधिकारी होते. गावात त्यांना सगळे ‘गुरांचे डॉक्टर’ म्हणत. या दोन गोष्टींमुळे न्यू जर्सीतल्या ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या घरांतून मला फोन येत राहतात. मूल दहावी-अकरावीत असतं, व्हेटच व्हायचं म्हणून हटून बसलेलं असतं. आईवडिलांना मेडिकलची आणि इंजिनिअरिंगची वाट तोंडपाठ असते, ही वाट सांगणारं मात्र कुणी भेटत नाही. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा अर्ज भरताना त्या त्या शाळेचं संकेतस्थळ उघडून बघाच.

भारतात बारावीनंतर थेट प्रवेश मिळतो. इथे आधी चार वर्षं कॉलेज कशासाठी?

महाराष्ट्रात बारावी सायन्स, नीट आणि मग साडेपाच वर्षांचं बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., त्यातच इंटर्नशिप. अमेरिकेत पशुवैद्यक हा पदवीनंतरचा अभ्यासक्रम आहे. आधी अंडरग्रॅड, म्हणजे कॉलेजची पहिली पदवी, मग चार वर्षांचं डीव्हीएम, म्हणजे पशुवैद्यकाची पदवी. फिलाडेल्फियाचं पेन विद्यापीठ तेवढं त्याच पदवीला व्हीएमडी म्हणतं, फरक फक्त नावाचा. शेवटी नॅव्हली ही परवाना परीक्षा.

बारकाईने पाहिलं तर अनेक व्हेट स्कूलना पूर्ण बॅचलर पदवी लागत नाही, ठरावीक विषय पूर्ण असले की पुरतं. त्यामुळे तीन वर्षांत जाणारी मुलंही असतात. पण बहुतेक जण पदवी घेऊनच जातात, आणि माझ्या मते तेच बरं. पहिल्या प्रयत्नात प्रवेश मिळाला नाही, तर हातात पदवी असलेलं मूल उभं राहू शकतं.

‘प्री-व्हेट’ ही पदवी असते का? मेजर कोणता घ्यावा?

बहुतेक ठिकाणी प्री-व्हेट म्हणजे नुसती वाट असते: एक सल्लागार, विषयांची यादी आणि एक विद्यार्थी क्लब. मेजर वेगळा घ्यावा लागतो. डेलावेअर विद्यापीठासारख्या काही ठिकाणी मेजरच्या नावातच प्री-व्हेट असतं, तरी प्रवेश समितीला त्याचं जास्त कौतुक नसतं. समिती बघते ते विषय आणि गुण.

सर्वसाधारणपणे निवड अ‍ॅनिमल सायन्स आणि बायोलॉजी यांत होते. अ‍ॅनिमल सायन्समध्ये आहार, प्रजनन, जनावरांची हाताळणी शिकवतात, आणि गोठा हाच वर्ग असतो. बायोलॉजीत जनावरं कमी, पण पुढे मन बदललं तर वाटा जास्त. आमच्यासारख्या अपार्टमेंटमध्ये वाढलेल्या, गाय फक्त सुट्टीत गावी गेल्यावर पाहिलेल्या मुलांसाठी मी अ‍ॅनिमल सायन्सकडे झुकते. शेतावर वाढलेल्या मुलाच्या अंगात जे आधीच असतं, ते आपल्या मुलांना कुठेतरी शिकावंच लागतं.

मोठ्या नावाच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तर तेच घ्यावं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि माझं उत्तर ऐकून बरेच जण नाराज होतात. नावासाठी घेऊ नका.

व्हेट स्कूलचा अर्ज व्हीएमकॅस नावाच्या सामायिक व्यवस्थेतून जातो. ही व्यवस्था तुमच्या कॉलेजाने काढलेला जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, तसाच पुढे पाठवत नाही. प्रत्येक कॉलेजातला प्रत्येक कोर्स आणि प्रत्येक ग्रेड घेऊन ती स्वतःचा हिशोब मांडते. एखादा विषय पुन्हा देऊन चांगला ग्रेड आणला आणि कॉलेजाने जुना माफ केला, तरी इथे दोन्ही धरले जातात. विज्ञानाचा जीपीए वेगळा निघतो, आणि बऱ्याच शाळा शेवटच्या ४५ क्रेडिटचाही वेगळा बघतात. जिथे पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीच्या वर्गात चारशे मुलं बसतात आणि निम्म्यांना मुद्दाम बी-सी देऊन चाळलं जातं, तिथे तुमच्या मुलीचे गुण कसे राहतील याचा शांतपणे विचार करा.

दुसरी गोष्ट शिफारसपत्रांची. किमान तीन लागतात. एक तरी पशुवैद्याचं असावं, आणि बऱ्याच शाळांना विज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकाचंही हवं असतं. ज्या प्राध्यापकाला मुलीचं नावही ठाऊक नाही, तो ‘या विद्यार्थिनीला माझ्या विषयात ए मिळाला’ एवढंच लिहिणार. ज्याने तिला थंडीत पहाटे मेंढ्यांच्या वाड्यात पाहिलं आहे, तो एक पान भरून लिहितो.

आणि तिसरी गोष्ट पैसा, त्यावर पुढे लिहिलं आहे.

माझ्या लेकीला एका फार नावाजलेल्या खाजगी कॉलेजात जागा मिळाली होती. आठवडाभर घरात वाद चालला. शेवटी ती राज्य विद्यापीठात गेली, कारण तिथे कॅम्पसवरच गोठा होता. तिसऱ्या वर्षी मार्च महिन्यात मेंढ्या विण्याच्या दिवसांत तिची रात्रपाळी असे. एकदा पहाटे तीन वाजता तिने व्हिडिओ कॉल केला. हातात ओलं कोकरू, मागे आई त्याला चाटायला धडपडते आहे. साताऱ्यात तेव्हा दुपार होती. मी वडिलांना कॉलवर घेतलं. त्यांनी कोकराचं कौतुक नंतर केलं, आधी विचारलं, “नाळ आयोडीनमध्ये बुडवलीस का गं?” तिने बाटली कॅमेऱ्यासमोर धरली. ती रात्र तिला त्या नावाजलेल्या कॉलेजात मिळाली नसती, आणि मुलाखतीत तिला सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते याच रात्रींबद्दल.

ज्या विद्यापीठाचं स्वतःचं व्हेट स्कूल आहे, तिथेच अंडरग्रॅड केलं तर प्रवेश सोपा होतो का?

आपोआप नाही. कॉर्नेल, यूसी डेव्हिस, कोलोरॅडो स्टेट, ओहायो स्टेट, पर्ड्यू इथे अंडरग्रॅड करणाऱ्यांना जवळ दवाखाना, संशोधन प्रयोगशाळा आणि व्हेट शिकणारी मोठी मुलं मिळतात, हा खरा फायदा आहे. पण त्याच दवाखान्यात शिरायला शेकडो प्री-व्हेट मुलं रांगेत असतात, हेही लक्षात घ्या. व्हेट स्कूल नसलेल्या, पण गाई-घोडे असलेल्या मध्यम कॉलेजात तोच अनुभव कधी कधी लवकर हाती येतो. ईशान्येकडे बघायचं तर रटगर्सचा कुक कॅम्पस, डेलावेअर, यूकॉन, यूमास अ‍ॅम्हर्स्ट, पेनसिल्व्हेनियातलं डेलावेअर व्हॅली विद्यापीठ ही नावं यादीत ठेवण्यासारखी आहेत. कॅलिफोर्नियात राहत असाल तर डेव्हिसबरोबर सॅन लुईस ओबिस्पोचं कॅल पॉलीही बघा.

काही विद्यापीठांत लवकर प्रवेशाची सोय असते. मिसिसिपी स्टेट आणि कॅन्सस स्टेट यांच्या योजना हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांसाठी आहेत. निवड झाली, तर गुण टिकवण्याच्या अटीवर व्हेट स्कूलची जागा राखीव राहते. मुलाचं मन पक्कं असेल तर जरूर बघा. सतराव्या वर्षी ते पक्कं आहे का, हे मात्र आईबापांनीच ओळखायचं.

कॉलेज बघायला गेल्यावर काय विचारावं?

कॅम्पस टूरवर वाचनालय आणि जेवणघर दाखवतात. तुम्ही गोठा दाखवायला सांगा. आणि तिथे काम करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला बाजूला घेऊन विचारा: पहिल्या वर्षापासून जनावरांना हात लावू देतात का, की तिसऱ्या वर्षापर्यंत नुसत्या स्लाइड? सुट्टीत पाळी कोण करतं? प्री-व्हेट सल्लागार पूर्ण वेळ हेच काम करतो, की मेडिकल, डेंटल, फार्मसी सगळं एकाच माणसाच्या गळ्यात आहे? गेल्या वर्षी इथून किती मुलांनी व्हेट स्कूलला अर्ज केला आणि किती जणांना प्रवेश मिळाला? शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळालं, तर लगेच पुढचा विचारा: अर्ज करू नका असं किती जणांना सांगितलं? काही कॉलेजं कमकुवत मुलांना आधीच थांबवतात आणि मग टक्केवारी झकास दिसते.

ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि बायोकेमिस्ट्री दर सत्राला शिकवतात की वर्षातून एकदाच, हेही विचारा. लहान कॉलेजात बायोकेमिस्ट्री दोन वर्षांतून एकदा असू शकते. ती हुकली, की अख्खं वेळापत्रक कोसळतं.

कोणते विषय लागतात?

जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, बायोलॉजी, फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स, इंग्रजी. हे साधारण बहुतेकांना. पुढे मात्र प्रत्येक शाळेची तऱ्हा निराळी. कुणाला जेनेटिक्स हवं, कुणाला मायक्रोबायोलॉजी, कुणाला फिजिऑलॉजी, कुणाला पशुआहार. यूसी डेव्हिसला बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स आणि फिजिऑलॉजी वरच्या पातळीचे लागतात. जीआरई ही प्रवेशपरीक्षा आता बहुतेकांनी सोडून दिली आहे. टेक्सासमध्ये अर्जाची वेगळी राज्य व्यवस्था आहे.

पहिल्या वर्षीच सात-आठ शाळा निवडून त्यांच्या विषयांचा तक्ता घरी एक्सेलमध्ये करा. सल्लागारावर सोडू नका. हे मी अनुभवाने सांगते आहे. माझ्या लेकीने हायस्कूलमध्ये बायोलॉजी एपीला, म्हणजे कॉलेजच्या पातळीवर, केलं होतं. तिला कॉलेजातल्या सल्लागाराने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, “एपी बायोलॉजीचे क्रेडिट आहेत ना, मग पहिलं बायोलॉजी सोडून दे.” तिने सोडलं. तिसऱ्या वर्षी तक्ता भरताना कळलं, की तिच्या यादीतल्या दोन शाळांना कॉलेजात लॅबसकट केलेलं बायोलॉजीच हवं होतं. तो उन्हाळा तिने रोज सकाळी काउंटी कॉलेजात, म्हणजे स्थानिक कम्युनिटी कॉलेजात, बायोलॉजी करण्यात घालवला, आणि ठरलेली घोड्यांच्या दवाखान्यातली जागा सोडावी लागली. त्या सल्लागाराच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याने त्या दोन शाळांची पानं उघडून पाहिली नव्हती एवढंच. पण हुकलेली जागा काही परत आली नाही.

एपी आणि कम्युनिटी कॉलेजचे क्रेडिट चालतात का?

एपीचं शाळेगणिक बदलतं. काही ठिकाणी ट्रान्सक्रिप्टवर विषयाचं नाव आणि क्रेडिट दिसले की चालतं, काही ठिकाणी त्याच विषयाचा वरचा कोर्स करावा लागतो. कम्युनिटी कॉलेजमधले पहिल्या दोन वर्षांचे विषय अनेक शाळा घेतात, आणि पैसे वाचवायला ही उत्तम सोय आहे. फक्त सगळं अवघड तिथे आणि सगळं सोपं विद्यापीठात असं दिसू देऊ नका.

एक धोक्याची सूचना. हायस्कूलमध्ये असताना ड्युअल एनरोलमेंटमध्ये कॉलेजचा कोर्स केला आणि तिथे सी आला, तर तोही व्हीएमकॅसच्या हिशोबात येतो. सोळाव्या वर्षीचा सी बाविसाव्या वर्षी समोर उभा राहतो.

अनुभवाचे तास किती लागतात, आणि कॉलेज निवडीशी त्यांचा काय संबंध?

आधी भेद समजून घ्या. पशुवैद्याच्या देखरेखीखाली केलेलं काम म्हणजे व्हेटरनरी अनुभव. शेल्टरमध्ये कुत्री फिरवणं, गोठ्यात काम, घोड्यावर बसणं हा जनावरांचा अनुभव. अर्जात दोन्हींचे रकाने वेगळे असतात. संशोधनाचा तिसरा. घरचा कुत्रा सांभाळला, हे यात मोजू नका.

आकड्यापेक्षा विविधता महत्त्वाची. आपली बहुतेक मुलं गावातल्या कुत्र्या-मांजरांच्या क्लिनिकमध्ये शेकडो तास करतात आणि तिथेच थांबतात. समितीला गाई, घोडे, प्राणिसंग्रहालय, प्रयोगशाळा यांपैकीही काही दिसावं लागतं. म्हणूनच कॉलेज कुठे आहे याला महत्त्व आहे. शहराच्या मध्यावरच्या कॉलेजात मोठ्या जनावरांचा डॉक्टर शोधायला दोन तास गाडी चालवावी लागेल, आणि पहिल्या वर्षी बऱ्याच मुलांकडे गाडी नसते.

तास पहिल्या दिवसापासून वहीत लिहून ठेवा: तारीख, जागा, डॉक्टरांचं नाव, काय पाहिलं. चार वर्षांनी आठवून लिहिता येत नाही.

दुसऱ्या राज्यात अंडरग्रॅड केलं, तर तिथले रहिवासी धरतात का?

सहसा नाही. शिकायला गेलेल्या मुलाचं राज्य आईवडिलांचंच धरलं जातं. आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण सरकारी व्हेट स्कूल आपल्या राज्याच्या मुलांसाठी बऱ्याच जागा ठेवतात आणि त्यांची फी कमी असते. कॉर्नेल खाजगी असलं, तरी तिथलं व्हेट स्कूल न्यू यॉर्क राज्याच्या कायद्याखालचं आहे, त्यामुळे न्यू यॉर्कवाल्यांना फी कमी पडते. न्यू जर्सीत वर्षानुवर्षं व्हेट स्कूलच नव्हतं. २०२५ साली रोवन विद्यापीठात सुरू झालं. काही राज्यांचे दुसऱ्या राज्यांशी करार आहेत. केंटकीची मुलं ऑबर्न आणि टस्कीगीला जातात, नेब्रास्काची मुलं पहिली दोन वर्षं घरी आणि पुढची दोन आयोवा स्टेटमध्ये करतात. तुमच्या राज्याची काय सोय आहे, हे अंडरग्रॅड निवडण्याआधी बघा.

खर्चाचं कसं?

राज्याबाहेरच्या किंवा खाजगी व्हेट स्कूलचा चार वर्षांचा खर्च राहण्या-जेवणासकट दोन लाख डॉलरच्या पुढे सहज जातो. आणि कर्जाचे नियम बदलले आहेत. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद होतं. पशुवैद्यकासारख्या व्यावसायिक पदवीसाठी सरकारी कर्जाला वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरची मर्यादा येते. त्यावरचं खाजगी कर्ज, म्हणजे बहुधा आईवडिलांची सही.

म्हणून माझं म्हणणं असं, की घरातला पैसा अंडरग्रॅडवर उधळू नका. ५२९ या शिक्षणासाठीच्या बचत खात्यातले पैसे व्हेट स्कूललाही वापरता येतात. राज्य विद्यापीठात शिष्यवृत्तीवर चार वर्षं काढून उरलेले पैसे पुढे नेलेली मुलगी कर्जाच्या ओझ्याशिवाय नोकरी निवडू शकते. खेड्यात गाई बघायच्या, शेल्टरमध्ये काम करायचं, हे तिला परवडतं. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम केल्यास कृषी खातं कर्जाचा काही भाग फेडतं, तीही योजना आहे.

आम्ही एच-१बीवर आहोत, मुलगा एच-४वर. अडचण येईल का?

येईल, आणि ती आधीच ओळखून ठेवा. एकविसाव्या वर्षी एच-४ हा अवलंबितांचा व्हिसा संपतो, म्हणजे नेमका अंडरग्रॅडच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी. मग बहुतेकांना एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. सरकारी कर्ज मिळत नाही, आणि काही सरकारी व्हेट स्कूल आंतरराष्ट्रीय विद्यार्थी घेतच नाहीत. यादी करताना प्रत्येक शाळेला थेट ईमेल करून लेखी उत्तर घ्या, आणि वकिलाशी बारावीच्या आधीच बोला.

मग भारतात किंवा इंग्लंडमध्येच पाठवलं तर?

मुंबईत परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचं आहे, शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय आहे. शिक्षण उत्तम, आणि जनावरं इतकी की हात तयार होतो. पण अमेरिकेत परत येऊन काम करायचं असेल, तर भारतातल्या पदवीला इथली मान्यता नाही. ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह या लांब आणि खर्चिक परीक्षांमधून जावं लागतं, मग नॅव्हली. वडिलांच्या हाताखाली शिकलेले एक डॉक्टर त्या वाटेने इथे आले. ते सांगतात, की तेवढ्या काळात दुसरी पदवी झाली असती.

लंडनचं रॉयल व्हेटरनरी कॉलेज किंवा एडिनबरा इथे शाळेनंतर थेट पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि त्याला अमेरिकन मान्यता आहे. सेंट किट्सचं रॉस आणि ग्रेनाडाचं सेंट जॉर्जेस यांनाही आहे, फी मात्र नीट तपासा.

आम्ही शाकाहारी, माळकरी घर. मुलीला डिसेक्शन, कत्तलखाना हे सगळं करावं लागेल?

डिसेक्शन टळत नाही. अ‍ॅनिमल सायन्समध्ये मांस उत्पादनाचे विषय असतात. काही कॉलेजांत ऐच्छिक, काहींत सक्तीचे. प्रवेशाआधी विचारा, बायोलॉजी मेजर घेतला तर बरंचसं टळतं. पण पुढे डॉक्टर म्हणून दया-मरण द्यावं लागतं, ते टळत नाही. माझ्या लेकीने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. चौदा वर्षांचा लॅब्रेडोर, किडनी गेलेली. घरी येऊन ती जेवली नाही. रात्री म्हणाली, “आई, डॉक्टरांनी त्याला आधी टेबलावरून खाली घेतलं आणि त्याच्याजवळ फरशीवर बसल्या.” तिचं व्हेट व्हायचं नक्की झालं ते त्या रात्री, असं मला वाटतं. मुलाला हे कॉलेजच्या आधी एकदा जवळून पाहू द्या.

एवढं शिकायचं, तर माणसांचा डॉक्टर का नको?

हा प्रश्न आजी-आजोबा, काका-मामा विचारतात, आणि मुलाच्या देखत विचारतात. तसं करू नका. माझ्या वडिलांना रात्री दोन वाजता कंदील घेऊन बोलवायला येत. अडलेली म्हैस म्हणजे त्या घराचं वर्षभराचं दूध आणि मुलांची फी. त्यांच्या कामाला कुणी कमी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मुलगी आत्ता नववीत आहे. आज काय करायचं?

जवळच्या दोन-तीन क्लिनिकना मुलीलाच फोन करायला लावा. तुम्ही करू नका. वयाची अट असेल तर शेल्टर किंवा ४-एच या मुलांच्या शेती-पशुपालन क्लबपासून सुरुवात करा. केमिस्ट्री आणि गणित पक्कं होऊ द्या. एप्रिलच्या अखेरीस रटगर्स डेला कुक कॅम्पसवर जाऊन या; त्या दिवशी गोठे खुले असतात, आणि जनावरं सांभाळणारी मुलं मोकळेपणाने बोलतात. जुने बूट घालून जा.